निळ्या पंपाविषयी माझं बदललेलं मत

दम्याच्या पंपाचा हवामानबदलाशी संबंध लावणं म्हणजे रुग्णाच्या जखमेवर मीठ चोळणं, असं मी आत्ताआत्तापर्यंत ठासून सांगत होतो. न्हावरे-चौफुला रस्त्यावर माझं मेडिकल आहे. शिरूरकडचे येतात, भीमा ओलांडून दौंडकडचेही येतात. ऊसतोड सुरू झाली, गुऱ्हाळं पेटली, रानात पाचट जाळलं की छातीत शीळ वाजणारी माणसं काउंटरशी उभी राहतात. घरात चुलीचा धूर असतोच. आणि तरी पंप म्हटलं की धसका! "एकदा लागला की सुटत नाही," "पोरीच्या लग्नात अडचण येईल," "त्यापेक्षा गोळीच द्या." जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे 13 टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी 40 टक्क्यांहून अधिक आपल्याकडे होतात. अशा मुलखात ज्याच्या हाती एकदाचा पंप पडला, त्याला वायूचा हिशेब कशाला सांगायचा? ती काळजी ब्रिटनसारख्या देशांनी करावी, असं माझं म्हणणं होतं.

ते हललं रांजणगाव एमआयडीसीत फ्रिजच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका गिऱ्हाइकामुळे. बायकोसाठी पंप घेताना त्याने खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाला, "एचएफए 134ए? दादा, हा तर फ्रिजमधला गॅस."

खरंच तोच. 1987च्या माँट्रियल करारानंतर ओझोनचा थर विरळ करणारे सीएफसी वायू हटवायचे ठरले, तेव्हा फ्रिजमध्ये आणि पंपात त्यांच्या जागी हा आला. ओझोनला त्याच्यापासून धोका नाही. पण उष्णता धरून ठेवण्यात, 100 वर्षांच्या हिशेबाने, तो कार्बन डायऑक्साइडच्या 1300 ते 1500 पट जोरकस आहे. 200 फवाऱ्यांच्या एका निळ्या पंपाचा परिणाम साधारण 10 ते 30 किलो कार्बन डायऑक्साइडइतका धरतात. कोरडी पावडर ओढायच्या साधनांत हा वायू नसतोच, त्यामुळे त्यांचा आकडा बहुधा किलोभराच्या आसपास राहतो. फ्रिजमधला गॅस निदान नळीत बंद असतो. पंपातला बाहेर पडण्यासाठीच भरलेला असतो, आणि अर्धवट वापरून फेकलेल्या डबीतूनही तो हळूहळू निसटतो. घरगुती फ्रिज आता बहुतेक आयसोब्युटेनवर चालतात. कारखान्याला गॅस बदलता आला, मग औषधाला का नाही, हा त्या माणसाचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

मग वाचत गेलो, आणि माझं मत खऱ्या अर्थाने फिरलं ते वायूच्या आकड्यांनी नव्हे. निळ्या पंपातलं साल्ब्युटामॉल आवळलेल्या श्वासनलिका थोडा वेळ मोकळ्या करतं. आतली सूज तशीच राहते. तिला श्वासावाटे घ्यायचं स्टेरॉइड लागतं, तेही नियमित. दम्याच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या 'जीना'ने 2019 पासून नुसत्या निळ्या पंपावर दमा सांभाळू नये असं स्पष्ट सांगितलं आहे. वर्षाला असे 3 किंवा अधिक पंप लागले तर मोठा झटका येण्याचा धोका वाढतो. 12 किंवा अधिक लागले तर मृत्यूचा. माझ्याकडे जुनी चिठ्ठी दाखवून महिन्याला नवा पंप नेणारे चेहरे माझ्या डोळ्यांपुढे आले. सगळ्यात जास्त वायू हवेत जातो तो त्यांच्याच पंपांतून, आणि सगळ्यात जास्त धोकाही त्यांनाच. रुग्ण आणि हवा या दोघांत मला एकाची बाजू घ्यायची आहे असं मी धरून चाललो होतो. तशी वेळच नव्हती.

पावडरीचं साधन आपल्याकडे नवं नाही. सिप्लाचा रोटाहेलर गावोगाव मिळतो, आणि त्याच कंपनीचा एक कारखाना दौंड तालुक्यात कुरकुंभला आहे. फक्त नीट दाखवावं लागतं. रोटाकॅप, म्हणजे त्यात घालायची पावडरीची कॅप्सूल, पाण्याबरोबर गिळणारी माणसं आजही भेटतात. मात्र सरसकट सगळ्यांना पावडर द्या, असं मी म्हणणार नाही. पावडर जोराने ओढावी लागते. लहान मुलांना, थकलेल्या म्हाताऱ्यांना, झटक्यात धापा टाकणाऱ्याला ते जमत नाही. त्यांना पंपच हवा, स्पेसर म्हणजे पुढची पोकळ नळी लावून, आणि त्याबद्दल कुणाच्याही मनात अपराधी भाव नको. गॅस बदलणं हे कंपन्यांचं काम आहे आणि ते सुरूही झालंय: 2025 मध्ये ब्रिटनने अगदी कमी तापवणाऱ्या वायूवरच्या एका पंपाला मंजुरी दिली. एचएफए 134एच्या जातीचे वायू कमी करण्यासाठी झालेल्या 2016च्या किगाली कराराला भारताने 2021 मध्ये मान्यता दिली. त्यानुसार 2028 पासून आपल्याला या जातीच्या वायूंचा वापर गोठवायचा आहे आणि 2047 पर्यंत 85 टक्क्यांनी खाली आणायचा आहे. पाचट न जाळता रानातच कुजवणं मात्र आपल्या हातात आहे, आणि त्याने दम्याचा त्रासही कमी होईल.

तेव्हा एवढंच सांगणं आहे. हे वाचून कुणीही आपला पंप बंद करू नका, स्वतःच्या मनाने बदलूही नका. पण मेडिकलमध्ये निळा पंप मागाल तेव्हा मागचा कधी नेला होता ते आठवा, आणि तो चार महिन्यांच्या आतच संपला असेल, तर नवा घ्या आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठा.