विश्रामबागेत जेवायचं कुठं?

साताऱ्याचे पाहुणे कंदी पेढ्यांचा पुडा हातात ठेवतात आणि विचारतात, "भाई, बाहेर जेवायचं तर कुठं?"

सांगलीतली आमची विश्रामबाग म्हणजे बंगले, कॉलेजं, क्लासेस. इथं मी सरळ 'शुद्ध शाकाहारी' पाटी बघून आत शिरतो. लोकांना वाटतं, ती पाटी आम्हाला अडवते. उलट, तिथं काहीच विचारावं लागत नाही. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या हॉटेलात मात्र "मटण हलाल आहे का?" हे वेटरला हळूच विचारायचं, तरी शेजारच्या टेबलावरची मान वळतेच. अम्मी अशा वेळी "भूक नाही" म्हणते आणि घरी येऊन डाळभात खाते.

म्हणून बिर्याणीसाठी मिरज. रिक्षानं जवळच. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या बाजूला अम्मी बिनधास्त दोनदा शेरवा मागून घेते.

रमजानात इफ्तार घरीच. खजूर, फळं, भजी आणि सांगलीचं भडंग! ते वरच्या मजल्यावरच्या काकू मगरिबच्या जरा आधी आणून देतात. चहाला थांबा म्हटलं तर थांबत नाहीत. "आधी तुमचा रोजा सोडा," म्हणतात आणि जिना चढू लागतात.