मिटलेली छत्री

उमलणे म्हणजेच पूर्णत्वास पोहोचणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. कोलकात्याच्या पावसाळ्यात ती अधिकच दृढ होते. हुगळीच्या पलीकडे, शिबपूर येथे १७८७ मध्ये स्थापन झालेल्या वनस्पती उद्यानात ओल्या पाचोळ्यातून वर आलेल्या अळंब्या मी पाहिल्या आहेत. त्यांची टोपी छत्रीसारखी उघडते आणि तिच्या खालच्या पातळ पडद्यांवरून सूक्ष्म बीजाणू वाऱ्यावर जातात. बाजारातील बटण अळंबी मिटलेली दिसते, ती केवळ लवकर खुडल्यामुळे.

तिच्याच कुळातील ‘पोडॅक्सिस पिस्टिलॅरिस’ ही अळंबी मात्र कधीच पूर्ण उघडत नाही. १७७१ मध्ये लिनियसने तिचे वर्णन केले. राजस्थानच्या वाळवंटात पावसानंतर ती वाळूत किंवा वारुळावर उगवते. त्या कोरड्या हवेत उघड्या टोपीतील ओल लवकर उडून जाते. म्हणून तिचे बीजाणू बंद टोपीतच पक्व होतात. पुढे टोपी वाळून फाटते आणि आतील काळसर भुकटी वारा दूर नेतो. उघड्या टोपीच्या पूर्वजांपासून अशा मिटलेल्या अळंब्या निसर्गात अनेकदा, स्वतंत्रपणे उत्क्रांत झाल्या आहेत.

शाळा मध्येच सुटलेल्या प्रौढांसाठी पाठ निवडताना मला ही अळंबी हमखास आठवते. तिची वाढ खुंटलेली नसते. ती वेगळ्या मार्गाने पूर्ण होते. कोण कोणत्या मातीत वाढले, हे पाहिल्यावाचून कोणाच्याही वाढीला अपुरी म्हणू नये.