उशिरा शिकणाऱ्यांचा वाडा

मैत्रिणींनो, मुलगा किंवा लेक कॅनडात असेल आणि तिकडे जाण्याचा योग आला, तर व्हँकूव्हर शहराजवळच्या धक्क्यावरून बोट धरा. दीड तासात तुम्ही व्हँकूव्हर बेटावर उतराल. ब्रिटिश कोलंबिया प्रांताची राजधानी व्हिक्टोरिया याच बेटावर आहे आणि तिच्याजवळच्या कोलवूड गावात, समुद्रकाठच्या गर्द झाडीत, एक दगडी वाडा उभा आहे. त्याचं नाव हॅटली कॅसल. पर्स लहान चालेल, पण शाल मात्र विसरू नका. वारा भारी बोचरा!

कोळशाच्या खाणींचे मालक आणि प्रांताचे माजी मुख्यमंत्री जेम्स डन्सम्यूर यांनी १९०८ साली हा वाडा बांधला. संपत्ती अपार, पण मुलगा १९१५ साली लुसिटानिया बोटीबरोबर बुडाला. १९२० साली जेम्स गेले. लॉराबाई मात्र पुढे सतरा वर्षं, १९३७ पर्यंत, या वाड्यात राहिल्या. एवढ्या खोल्या, एवढी बाग, आणि घरची माणसं एकेक करून कमी झालेली! सोन्यानाण्यानं घर भरतं, पण नांदतं असं नाही, हे आपल्याला का कुणी शिकवायला हवं?

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि १९४० साली सरकारनं ही जागा नौदलाच्या अधिकाऱ्यांना तयार करण्यासाठी विकत घेतली. पुढे तिथं रॉयल रोड्स लष्करी महाविद्यालय झालं. कवायत, बूट, शिस्त, आणि सगळे मुलगेच! मुलींना प्रवेश मिळाला तो थेट १९८४ साली. आणि अकराच वर्षांनी, १९९५ मध्ये, महाविद्यालयच बंद झालं.

आता तुम्ही म्हणाल, मग तिथं काय उरलं? ऐका तर. त्याच वर्षी तिथं रॉयल रोड्स विद्यापीठ सुरू झालं. विद्यापीठ सरकारी, आकारानं लहान, आणि मुख्य भर नोकरी-व्यवसायात पडलेल्या मोठ्या माणसांवर! बरेचसे अभ्यासक्रम असे, की थोडे दिवस तिथं राहायचं आणि बाकीचा अभ्यास घरी बसून संगणकावर करायचा. पदवी नसली तरी केलेल्या कामाचा अनुभव जमेस धरून प्रवेशाचा विचार होतो. मुलं, स्वयंपाक, नोकरी सांभाळून शिकू पाहणारीला याहून सोयीचं काय?

वाड्याच्या आवारात जपानी बाग आहे, इटालियन बाग आहे, गुलाबांचा ताटवा आहे. अवश्य पाहा. पण पाहता पाहता बाकांकडेही नजर टाका. केस पिकू लागलेली एखादी बाई तिथं वही उघडून बसलेली दिसली, तर नवल वाटू देऊ नका.

आणि घरी परतल्यावर, अर्धवट सोडलेल्या शिक्षणाची ती जुनी गुणपत्रिका कपाटातून काढून बघा बरं!