आजीची चाळिशी, नातीचा चष्मा

चाळिशी लागली म्हणून कुणाच्या घरी तोंडं उतरत नाहीत. पोथी वाचायला, तांदूळ निवडायला आजी डोळ्यांवर काचा चढवते आणि ते सगळ्यांना वयाला शोभणारंच वाटतं. शाळकरी मुलीला चष्मा लागला, की मात्र घरावर जणू संकट कोसळतं.

१९९४ साली आम्ही दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. सहावीतली माझी मुलगी स्टॉपवर उभी राहून येणाऱ्या बसचा नंबर दुसऱ्यांना विचारायची, फळ्यावरचं मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घ्यायची. डोळे तपासले, तर दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे दीड निघाला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मुलीच्या जातीला आत्तापासून भिंगं? उद्या स्थळं आली की काय सांगायचं? गाजरं खायला घाल, जाईल नंबर."

वाद न घालता मी एका पातेल्यात रुपयाचं नाणं ठेवलं. ते काठाआड दिसेनासं होईपर्यंत सासूबाईंना मागे सरकायला सांगितलं आणि हळूहळू पाणी ओतलं. नाणं जागचं हललं नव्हतं, तरी त्यांना ते दिसू लागलं!

यात जादू नव्हती. प्रकाश हवेत सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो, पाण्यात सव्वादोन लाख, तर काचेत साधारण २ लाख. एका पदार्थातून दुसऱ्यात तिरकं शिरताना वेग बदलतो, तशी त्याची वाटही वळते. शाळेच्या पुस्तकात यालाच प्रकाशाचं अपवर्तन म्हणतात.

आपला डोळाही याच वळणावर चालतो. बाहेरून आलेले किरण वळून आतल्या पडद्यावर एकत्र यावे लागतात. माझ्या मुलीच्या डोळ्यात लांबून आलेले किरण पडद्याच्या अलीकडेच एकत्र येत होते. अंतर्गोल भिंग त्यांना आधीच थोडं फाकवतं. उतारवयात डोळ्यातलं भिंग ताठर होतं, जवळच्या वस्तूचे किरण पुरेसे वळत नाहीत, म्हणून चाळिशीला बहिर्गोल भिंग. "आई, तुमच्या काचा आणि हिच्या काचा एकच काम करतात," मी म्हटलं.

त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी चष्म्याच्या दुकानात आमच्याबरोबर आल्या आणि फ्रेमही त्यांनीच पसंत केली. त्यानंतर मुलगी लांबूनच बसचा नंबर मोठ्याने वाचू लागली.

गोष्ट जुनी, पण अडचण अजून तीच आहे. दिल्लीतल्या ९,८८४ शाळकरी मुलांच्या तपासणीचे निष्कर्ष एम्सच्या डॉक्टरांनी २०१५ साली प्रसिद्ध केले. १३.१ टक्के मुलांना लांबचं नीट दिसत नव्हतं आणि त्यांतल्या जेमतेम पाव मुलांकडे योग्य चष्मा होता.

चष्मा लावल्याने नंबर वाढत नाही आणि गाजराने तो उतरतही नाही. मुलांना रोज दोन तास बाहेर उजेडात खेळू द्यावं. ऱ्हस्वदृष्टी टाळायला त्याची मदत होते. मूल डोळे बारीक करून पाहत असेल, वही नाकाजवळ धरत असेल, तर तपासणी लांबवू नये. स्थळं यायला अजून वर्षं आहेत. फळा मात्र उद्या सकाळीच वाचायचा आहे.