निळी चिंदी

कॉन्व्हेंटमध्ये ‘चिंदी’ म्हणजे फाटकं कापड एवढंच ठाऊक होतं. एनसीसीत कळलं, रायफलची नळी पुसायच्या कापडालाही चिंदीच म्हणतात!

आमच्या .२२ ची गोळी शिशाची. पण वरणगावच्या फॅक्टरीत बनणाऱ्या ७.६२ च्या गोळीवर तांब्याच्या मिश्रधातूचं कवच असतं. फायरिंग करताना त्याचा पातळ थर नळीत चिकटत जातो. थर वाढला की नेम बिघडतो.

घरी आजी तांब्याची घागर चिंचेनं लख्ख करते. नळीत मात्र आम्ल नको, ते पोलादच खातं. रॉकेलनं ग्रीस जातं, तांबं नाही. तिथे अमोनियाचं सॉल्व्हंट लागतं. बारावीच्या प्रॅक्टिकलमधला गडद निळा रंग आठवतो ना? तोच चिंदीवर उमटतो. सळई पितळी असेल तर मात्र तीही निळं सोडते आणि आपण फसतो!

आधी हत्यार रिकामं आहे याची खात्री. मग हातमोजे, चष्मा, उघड्या खिडक्या. सॉल्व्हंट बाटलीवर लिहिलंय तेवढाच वेळ ठेवायचं, नंतर नळी कोरडी करून तेल. आणि होस्टेलकरांनो, अमोनिया नि ब्लीचिंग पावडर कधीच एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो. बाथरूम धुतानाही हे लक्षात असू द्या.

नेम पुन्हा साधता येतो हो, फुफ्फुसं नवी मिळत नाहीत.