टाकावरचा घोडा

देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक तळहातावर घ्या आणि उजेडात जरा तिरपा धरा. ठशावर ठोकून उठवलेला चांदीचा इवलासा पत्रा, पण त्यावर केवढी दाटी! मधोमध घोडा. त्यावर खड्ग उगारलेला देव, सोबत म्हाळसा. घोड्याच्या पायाशी कुत्रा, खाली पडलेला दैत्य, मणी किंवा मल्ल. कधी वरच्या कडेला चंद्र-सूर्य. जागा एवढीशी असूनही कारागिरानं कुणाला गाळलेलं नाही. कुत्राच नसेल तर तो खंडोबा कसला?

आमच्या नांदेड-लातूरकडच्या कितीतरी घरांची ओढ लोहा तालुक्यातल्या माळेगावाकडे. मार्गशीर्ष वद्यात तिथं खंडोबाची यात्रा भरते, घोड्यांचा बाजार भरतो. तो बाजार बघून आलेल्या पोराला टाकावरचा घोडा कुणी समजावून सांगावा लागत नाही.

चांदीवरचं चित्र असं न सांगता कळणं प्रत्येक चांदीच्या नशिबी नसतं. एकोणिसाव्या शतकात कँटन, हाँगकाँग, शांघायच्या कारागिरांनी युरोप-अमेरिकेच्या गिऱ्हाइकांसाठी चांदीची भांडी घडवली. चहाच्या किटलीवर ड्रॅगन, बांबू, शेवंती, वटवाघळं. चीनमध्ये वटवाघूळ सुदैवाचं, आणि वाऱ्यात वाकून न मोडणारा बांबू सचोटीचा. साहेबाच्या टेबलावर मात्र ती बहुतेक नुसती देखणी नक्षी झाली. मला त्या भांड्यांसाठी वाईट वाटतं. चांदी समुद्रापार गेली, तिचा अर्थ घडवणाऱ्याकडेच राहिला. टाकाला हा वनवास नाही. तो घडवणारा सोनार आणि पुजणारी बाई, दोघंही एकच कथा ऐकत वाढलेली.

सणावाराला चिंच लावून, राखेनं घासून टाक उजळतात. पिढ्यान् पिढ्या असं घासलं की बारीक काम आधी जातं. देवाचे डोळे पुसट होतात, म्हाळसेचं नाक सपाट होतं, कुत्रा नुसता उंचवटा उरतो. घोड्याची मान तेवढी बोटाला लागते. असा झिजलेला टाक मोडीत घालून नवा, चकचकीत टाक आणायची घाई मला सोसवत नाही. त्याच्यावरून किती सासवा-सुनांचे अंगठे फिरले असतील!

माझा सर्वांत जास्त जीव गुंततो तो वीराच्या टाकात. घरातला कर्ता पुरुष गेला की काही घराण्यांत त्याचाही टाक करतात आणि तो देवांच्या ओळीत बसतो. त्यावर नाव नसतं, साल नसतं. उभा पुरुष, नाहीतर हाती शस्त्र घेतलेला स्वार. जन्मभर औतामागं चाललेला, कधी घोड्यावर न बसलेला आजाही चांदीत असा स्वार होतो. ठसा सोनाराकडचा, सगळ्यांना सारखाच. त्या ठशातून गावातले किती आजे उठले असतील. तरी पूजेच्या वेळी म्हातारी ओळीतला आपला बरोबर ओळखते आणि भंडारा लावताना नातवाला सांगते, “हे तुझे आबा. पाया पड.”