अर्धं पान, पाव पान

काकांचं मासिक फक्त बागकामाला वाहिलेलं होतं. सत्तरच्या दशकातली सांगली. मासिक म्हटलं की लोकांना कथा हव्या असायच्या, आणि काका गुलाबाची छाटणी, डोळे भरणं, कुंडीतली माती यांपलीकडे जायला तयार नसत. वर्गणीदार थोडे, पण चिवट. वर्गणीतून कागदाचे पैसे जेमतेम सुटत. छपाई, टपाल आणि कंपोझिटरची दिवाळी सगळी जाहिरातींवर. कॉलेजला सुट्टी लागली की त्या गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडायचं.

दरपत्रक रीतसर छापलेलं होतं: मलपृष्ठ, मुखपृष्ठाची आतली बाजू, पूर्ण पान, अर्धं पान, पाव पान. त्या दराने कुणी पैसे दिल्याचं मला आठवत नाही. खताचा दुकानदार आधी चहा मागवायचा. मागच्या खेपेला आपली जाहिरात डाव्या पानावर का गेली ते विचारायचा, पुतण्याच्या लग्नाची हकिगत सांगायचा, आणि आपण उठायला लागलो की म्हणायचा, "बरं, लिहा अर्धं पान." मजकूर? "तो तुम्हीच बघा." मग आम्ही वेलबुट्टीची चौकट टाकून त्यात हार्दिक शुभेच्छा जुळवायचो. ज्याच्याकडे चित्राचा ब्लॉक असे तो छापून झाल्यावर परत आणायचं दोनदा बजावून सांगे. मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती मुंबईच्या एजन्सीकडून येत. एजन्सी शंभरातले पंधरा स्वतःकडे ठेवायची आणि बिलासोबत व्हाऊचर कॉपी, म्हणजे जाहिरात छापल्याचा पुरावा म्हणून अंकाची प्रत, पोचली की उरलेले दोन-तीन महिन्यांनी पाठवायची. काही बीवाले पैशांऐवजी बियाण्यांची पाकिटं देत. काकू ती शेजारीपाजारी खपवायची.

ही जाहिरात वाचून दुकानात गिऱ्हाईक येतं का, हे कुणी विचारत नसे. काकांनाच त्याची टोचणी असावी, कारण दर अंकात तळाशी एक ओळ असायची: जाहिरातदारांशी पत्रव्यवहार करताना या मासिकाचा उल्लेख करावा. तेव्हा पुष्कळ मासिकांत ती सापडायची. दुकानदाराला उल्लेख नको होता. शिकल्यासवरल्या घरांत आपलं नाव जावं आणि अंगणातल्या गुलाबाला काय झालंय हे काकांना हक्काने विचारता यावं, एवढ्यासाठी तो अर्धं पान घेई. खरं तर ती निम्मी देणगीच. फक्त पावती जाहिरातीची, म्हणून घेणाऱ्याची मान खाली जात नसे.

(आमच्याच मुलखातल्या किर्लोस्करवाडीला 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्याच्या प्रसिद्धीसाठी 'किर्लोस्कर खबर' काढलं, आणि त्याचं पुढे चांगलं मासिक झालं. जाहिरात आधी, साहित्य मागाहून. काका हे उदाहरण खतवाल्यांना ऐकवत, परिणाम शून्य.)

आता भाची तोच उद्योग पुण्यात बसून करते. गच्चीवरची आणि बाल्कनीतली बाग, मराठीतून, सगळं पडद्यावर. ती कुणाच्या दुकानात चहा घेत नाही. वाचकाने पान उघडलं की अक्षरं नीट दिसायच्या आत त्यातल्या रिकाम्या चौकटीचा लिलाव होऊन गेलेला असतो. बोली कुणी लावली हे तिला आधी कळत नाही, आणि एका पानावर सगळ्यांना एकच जाहिरात दिसते असंही नाही. तिने उघडलं तर विमानाची तिकिटं, मी उघडलं तर गुडघ्याला लावायचं तेल. लेख तोच, मोगऱ्याच्या छाटणीचा.

असल्या चौकटी विकून देणारी गूगलची ऍडसेन्स सेवा 2003 मध्ये सुरू झाली, पण हिंदीला तिथे 2014 च्या डिसेंबरात जागा मिळाली आणि मराठीला त्यानंतरही थांबावं लागलं. खात्यात दहा डॉलर जमले की पत्त्याची खात्री करायला एक आकडा घरी येतो, तोही टपालाने! एवढ्या यंत्रणेला शेवटी पोस्टमनच लागला, याचा मला जरा जास्तच आनंद झाला. पैसे मात्र शंभर डॉलर जमल्याशिवाय हलत नाहीत. जाहिरातदार जे मोजतो त्यातले शंभराला सुमारे 68 पान चालवणाऱ्याला. हे ऐकून मुंबईची एजन्सी मला एकदम सज्जन वाटू लागली. आणि काकांची ती तळाची ओळ? तिच्यासारखं काही आता लिहायची सोय नाही. जाहिरातीवर टिचकी मारा असं वाचकाला सुचवणं नियमात बसत नाही, स्वतः मारणं तर नाहीच. खातं बंद होऊ शकतं.

मला खरी चुटपुट वेगळीच लागते. काकांचा अंक एकत्र कुटुंब होतं. खतवाल्याचं अर्धं पान सगळ्या अंकाला पोसायचं. छपाईचा फॉर्म सोळा पानांचा. मजकूर कमी पडला की शेवटची जागा भरायला एखादी कविता पानपूरक म्हणून जाई, कधी पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधल्या पुष्पप्रदर्शनाचं लांबलचक वर्णन. ते कोण वाचतं, याचा हिशेब नव्हता. आता प्रत्येक पानाची चूल वेगळी. कढीपत्त्याची पानं पिवळी का पडतात, हा भाचीचा लेख घर चालवतो. तिने आठवडाभर खपून जुन्या देशी गुलाबांवर लिहिलं, त्याच्या खात्यात सुटे पैसे. कमाईचा तक्ता रोज सकाळी हे तोंडावर सांगतो, आणि हळूहळू माणूस कढीपत्त्यावरच लिहायला लागतो. "मामा, तुमच्या वेळी बरं होतं," ती म्हणते, "तुम्हाला आकडेच दिसत नव्हते."

त्यात बोलीही विषय बघून चढते. कर्ज, विमा, शेअर बाजार यांच्या चौकटीला मोठी बोली, बागेला मध्यम, कवितेला कुणी हातच वर करत नाही. आणि वाचक कुठे बसलाय हेही मोजलं जातं. साताऱ्यातल्या बाईंनी तुळशीचा लेख वाचला आणि न्यू जर्सीतल्या बाईंनी तोच वाचला, तर दुसऱ्या वाचनाचे पैसे कितीतरी पट. काकांच्या वहीत सातारा आणि सांगली यांच्या वर्गणीत फरक नव्हता. बदललं नाही ते एकच: दिवाळी. ऑक्टोबरपासून बोली चढतात, वर्षअखेरीपर्यंत टिकतात आणि जानेवारीत धाडकन खाली येतात. काकासुद्धा संक्रांतीच्या अंकाला कपाळावर हात मारायचे.

अलीकडे हे उत्पन्नही आटू लागलंय. कढीपत्ता पिवळा का, असं विचारलं की शोधयंत्र स्वतःच वर चार ओळींत उत्तर देऊन टाकतं. पानापर्यंत कुणी आलं नाही तर लिलाव कशाचा करायचा? म्हणून भाचीने यंदा जुनी वाट धरायची ठरवली. दरपत्रक बनवायला मला बसवलं. मी सवयीने वर मलपृष्ठ लिहिलं. तिने ते खोडलं.

मग आम्ही सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनकडच्या एका रोपवाटिकेत गेलो. तिने मोबाइलवर आलेख दाखवले: महिन्याचे वाचक, कुठल्या गावचे, किती वेळ थांबतात. मालक बघत होते, पण लक्ष दुसरीकडे.

"यातले आमच्याकडे किती येतील?"

"ते नाही सांगता येणार, काका."

त्यांनी मान डोलावली. मग तिला आत नेऊन कडेच्या वाफ्यातली जास्वंद दाखवली; कळ्या उमलायच्या आधीच गळत होत्या. तिने कळी उलटून पाहिली, किडीचं नाव सांगितलं, फवारा काय मारायचा ते सांगितलं. चहा आला.

"दिवाळीपुरती लावा," ते म्हणाले, आणि तिने सांगितलेल्या दराच्या निम्मे मोजले.